रताळ्याचा चष्मा

मुलांनो,

तुम्ही दोघं डिसेंबरात इथे आला होतात तेव्हा थोरलीने माझा जुना फोन रिकामा करून नवा लावून दिला. सगळं नीट आलं की नाही हे बघताना तिला आमच्या 'तिसरा मजला' या ग्रुपवरचे काही मेसेज दिसले. तिचं मराठी वाचन आता बरंच सुधारलं आहे. तिने ते दोनदा वाचले आणि मला विचारलं, "आजी, इथे कुणीतरी वारलंय, आणि खाली तुम्ही सगळे हसताय. तू पण?"

मी म्हणाले, "ते असंच. फालतू ग्रुप आहे तो." आणि चहा टाकायला उठले. चहाची वेळ नव्हती.

नंतर तिने तो विषय काढला नाही. विमानतळावर मला घट्ट मिठी मारली, पण मारायच्या आधी क्षणभर माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून दिसतं, म्हणून हे लिहिते आहे. आधी इंग्रजीत लिहायला बसले होते. फोर्टातल्या ऑफिसात माझी सगळी नोकरी इंग्रजी पत्रं टाइप करण्यात गेली, तेव्हा मला ते जड नव्हतं आणि तुम्हालाही सोपं गेलं असतं. पण रताळ्याला चष्मा लागला हे वाक्य इंग्रजीत टाइप केल्यावर माझं मलाच कळेना की त्यात हसण्यासारखं काय होतं आणि लाज वाटण्यासारखं काय. म्हणून मराठी. अडेल तिथे आईला विचारा.

क्रमाने सांगते.

माझं माहेर गिरगावातलं. शाळा इंग्रजी, घरात पुस्तकं, बोलणं मोजकं. लग्न होऊन मी लालबागला चाळीत आले आणि वर्षभरात गिरण्यांचा संप सुरू झाला. तुमचे आजोबा छापखान्यात होते म्हणून त्यांचं काम चालू राहिलं, माझं ऑफिस होतंच. पण तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे, गिरणीत मागावर कापड विणायचे. आमच्या मजल्यावरची बहुतेक कर्ती माणसं गिरणीतलीच. ती सगळी एकदम घरी बसली.

घरी म्हणजे गॅलरीत. त्या खोल्या पाळ्यांवर चालत. एक पाळी कामावर असली की दुसरीला झोपायला जागा मिळायची. सगळे एकाच वेळी घरात आल्यावर कुणाला कुठे बसावं कळेना, आणि जो तो बाहेर कठड्याला टेकून उभा राहू लागला. सुरुवातीला बोलायला पुष्कळ होतं. सभेत काय झालं, कोण काय म्हणालं, कधी उघडणार. पुढे तेच तेच झालं, आणि त्यानंतर असं झालं की कुणी तोंड उघडलं की भांडणच.

आमच्या शेजारच्या खोलीत दोघे भाऊ राहत. थोरल्याला सगळा मजला दादा म्हणायचा. त्यांची बायको ती माझी शेजारीण, वहिनी. मालवणकडच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, आणि मला पहिल्या दिवसापासून 'मॅडम' म्हणणाऱ्या, कारण मी पर्स घेऊन ऑफिसला जायची. धाकट्याला तेव्हा नुकतंच मूल झालं होतं. दादा संपात पक्के. धाकटा काही महिन्यांनी कामावर गेला.

तो पहाटे अंधारात निघायचा आणि पोलिसांच्या गाडीतून गिरणीत पोचायचा. चाळीने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याची बायको नळावर आली की बाकीच्या आपापल्या कळशा उचलून बाजूला होत. दादा त्याच खोलीत त्याच्या शेजारी बसून जेवत आणि त्याच्याकडे बघत नसत.

पणजोबांना हे बघवत नसे. ते संपातच होते, पण धाकट्याला त्यांनी लहानाचा मोठा होताना पाहिलं होतं. एका संध्याकाळी दिवे लागल्यावर त्यांनी सगळ्यांना गॅलरीत ओळीने बसवलं. धाकट्यालाही हाक मारून बाहेर काढलं आणि बसवलं, दादांच्या पलीकडे.

"आजपासून दिवे लागले की इथे कामाचं बोलायचं नाय," ते म्हणाले. "गिरणी नाय, रेशन नाय, दुखणीखुपणी नाय, कोण दिवसभर कुठे होता ते नाय. ज्याला अर्थ आहे असं काय बोलायचं नाय."

"मग बोलायचं काय?" पहिल्या खोलीतल्या पोराने विचारलं. पोर म्हणजे विशीतला होता.

"बिनकामाचं. आता आपण सगळे बिनकामाचेच ना."

त्यांनी खेळ समजावून सांगितला. त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. एकाने एक वाक्य टाकायचं. शेजारच्याने त्याचं शेवटचं अक्षर पकडायचं आणि त्या अक्षरापासून आपलं वाक्य टाकायचं. वाक्यातून काही म्हणता काही अर्थ निघता कामा नये. गाणी चालणार नाहीत. "गाणी आली की माणसं रडतात," ते म्हणाले. कुणाच्या वाक्यातून अर्थ निघालाच तर त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गॅलरी झाडायची, पुरुष असला तरी.

पहिलं वाक्य त्यांनीच टाकलं. "उंदराने मिशीला तेल लावलं आणि निघाला सासरी."

मग दादा. "रिकामी बाटली बुचाला म्हणाली, तुझं डोकं फिरलंय का."

पुढे धाकटा. सगळी गॅलरी त्याच्याकडे बघत होती. त्याच्याशी कुणी बोलून किती दिवस झाले होते कोण जाणे, आणि आता भावाने सोडलेलं अक्षर त्याला घ्यायचं होतं. तो खाली बघून म्हणाला, "कोंबडीने घातला कोट आणि अंड्याला म्हणाली, साहेब आत आहेत."

आधी बायका हसल्या, मग पोरं. दादा हसले नाहीत, पण त्यांनी हाताने मिशी झाकली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी खेळ बसायचा. मी ऑफिसातून दमून यायची आणि जिन्यातच ऐकू यायचं, भोपळ्याने दाढी केली, झुरळाला नोटीस आली. मोठमोठी माणसं. मला त्याची लाज वाटायची, खोटं कशाला सांगू. एकदा माझी आई गिरगावातून मला भेटायला आली, ती नेमकी त्या वेळेला. ती गॅलरीच्या तोंडाशी पिशवी छातीशी धरून उभी राहिली. पणजोबांनी उठून नमस्कार केला, खुर्ची दिली आणि म्हणाले, "विहीणबाई, 'स' आलाय तुमच्यावर." माझी आई संस्कृत घेऊन मॅट्रिक झालेली बाई. मी जमिनीकडे बघत होते. आईने पिशवी मांडीवर घेतली आणि ती म्हणाली, "सशाला ताक पचत नाही." ती जाताना वहिनी मला म्हणाल्या, "तुझ्या आवशीक उद्या गॅलरी झाडूक बोलव. ह्याच्यातून अर्थ निघता."

संप कधी संपला असं झालंच नाही. माणसं गळत गेली. कुणी भाजी विकायला बसलं, कुणी वॉचमन झालं, कुणी गावी गेलं. धाकटा बायकोमुलाला घेऊन कळव्याला राहायला गेला आणि फक्त लग्नामुंजीला दिसू लागला. पणजोबा गेले. आम्ही दादरला आलो, दादा-वहिनी तिथेच राहिले. गॅलरीतला खेळ हळूहळू बंद पडला. शेवटचं वाक्य कुणी टाकलं ते कुणालाच आठवत नाही.

आता ग्रुपकडे येते.

तो त्या पहिल्या खोलीतल्या पोराने काढला. तो आता विरारला असतो आणि त्याला नातवंडं आहेत. त्याने एकेकाचे नंबर शोधून तिसऱ्या मजल्यावरची माणसं गोळा केली. पहिले काही दिवस देवांचे फोटो आणि सुप्रभात आलं. मग एका संध्याकाळी वहिनींनी लिहिलं, "दिवे लागले. कामाचं बंद." आणि खाली एक वाक्य टाकलं, भेंडीने मेथीला डोळा मारल्याचं. पाच मिनिटांत सगळे आले. मला इतका आनंद झाला होता की गॅसवरचं दूध उतू गेलं ते कळलं नाही.

मी शिस्तीची म्हणून मला ॲडमिन केलं. गॅलरी झाडायची शिक्षा इथे देता येत नव्हती, तर दंड ठरला की अर्थ निघेल त्याने दिवसभर आपल्या फोटोच्या जागी वांग्याचा फोटो लावायचा. वेळेची अट मात्र राहिली नाही. सकाळी, दुपारी, ज्याला जेव्हा सुचेल तेव्हा. आणि खेळ फार जलद झाला. गॅलरीत पाळी ठरलेली असायची, इथे जो आधी लिहील त्याचं. त्यामुळे आम्हाला एक सवय लागली. मेसेज आला की नजर आधी त्याच्या पहिल्या अक्षरावर जायची, बरोबर आहे ना बघायला. मग थेट शेवटच्या. मधलं वाचायची गरजच नसायची. ते निरर्थक असणार हे ठरलेलंच होतं. वाचायचं आणि हसायचं ते मागाहून, स्वतःचं वाक्य पाठवून झाल्यावर.

धाकट्याला ग्रुपवर कुणी घेतलं नव्हतं. कुणी नको म्हणालं नाही. कुणी नावच काढलं नाही.

दादा तेव्हा अंथरुणाला खिळून होते. अर्धांगाचा झटका येऊन बरेच दिवस झाले होते, वाचाही गेली होती. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण ते किती खालावले आहेत ते ग्रुपवर येणं शक्य नव्हतं, कारण दुखणीखुपणी नाय हा नियम होता. वहिनी त्यांची कूस बदलून, त्यांना भरवून, मधल्या वेळात वाक्यं टाकत होत्या. आणि आमच्यात सगळ्यांत चांगली वाक्यं त्यांचीच असत.

त्या दिवशी माझ्या आदल्या संध्याकाळच्या वाक्यावर खेळ अडला होता. "टोपीखाली बसून बेडूक पितोय टोमॅटोचं सूप," असं मी टाकलं होतं. म्हणजे 'प'. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि फोन वाजला. वहिनींचा मेसेज. सुरुवातीला 'प' होता, शेवटी 'र'. मी उभ्याउभ्याच लिहिलं, "रताळ्याला चष्मा लागला, डॉक्टर म्हणाले गाजर खा," आणि पाठवून दिलं. लगेच विरारहून आलं, "खारीक बदामाला म्हणाली, माझ्या लग्नात नाचशील ना." मग आणखी कुणाचं, नारळाने शेंडी कापली म्हणून त्याला शाळेत घेत नाहीत. हसरे चेहरे. माझेही दोन. मी चहा गाळला, कप घेऊन खुर्चीत बसले आणि वहिनींनी काय टाकलंय ते हसायला म्हणून वर गेले.

त्यांनी लिहिलं होतं, "पहाटे यांनी प्राण सोडला. धाकटे दीर आले की दुपारी नेणार."

माझ्या आधी आणखी कुणाच्या तरी लक्षात आलं असावं. खाली नुसतं "वहिनी?" असं आलं होतं. मग श्रद्धांजली सुरू झाली, जोडलेले हात. त्यांतल्या एकाला आदल्या दिवशी दंड झालेला होता. त्याच्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या शेजारी वांगं होतं.

मी माझं वाक्य पुसायला गेले. पण पुसलं तर पुसल्याची खूण राहते आणि ती त्याहून वाईट दिसते. तसंच ठेवलं. थोरलीला दिसलं ते हे.

दुपारी मी लालबागला गेले. खोलीत बायका दाटीने बसलेल्या होत्या, दादांना खाली ठेवलं होतं, उशाशी वहिनी. धाकटे दीर दारात उभे होते, पांढरेशुभ्र केस, मी त्यांना आधी ओळखलंच नाही. मी आत पाऊल टाकलं तशी वहिनींनी मान वर केली. मला बघितलं. आणि पदर तोंडावर दाबून झटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. शेजारची एक बाई माझ्याकडे बघू लागली. मी जिथे होते तिथेच बसले, दादांना नेईपर्यंत बसले, आणि कुणाशी न बोलता परत आले.

दुसऱ्या दिवशी वहिनी ग्रुपमधून बाहेर पडल्या. तशी ओळ उमटते तिथे, तुम्हाला माहीत आहे. मी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. तुमची मावशी म्हणाली, "आई, त्यांना जरा वेळ दे." मी ग्रुपला कुलूप लावलं. ॲडमिनला तसं करता येतं. कुणाची तक्रार आली नाही.

इतक्या वर्षांचं माणूस मी एका रताळ्यापायी घालवलं होतं. ते दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. आरशात बघून केस विंचरायलासुद्धा नको वाटायचं.

तेरावा झाल्यावर मी गेले. वाटेत मनात मजकूर तयार करत होते, ऑफिसच्या पत्रासारखा, आधी सांत्वन, मग खुलासा, मग दिलगिरी. दार उघडंच होतं. दादांच्या फोटोला हार होता. धाकटे दीर अजून तिथेच होते, खिडकीशी खुर्ची घेऊन. वहिनी जमिनीवर ताट घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"ये गो मॅडम. बस," त्या म्हणाल्या. नजर तांदळातच.

मी बसले आणि माझा सगळा मजकूर उलटापालटा झाला. "वहिनी, त्या दिवशी मी जे लिहिलं..."

"नको. तेचा नाव काढू नको."

"मला बोलू द्या. मी वाचलंच नाही. प होता, र होता, मी रताळं लिहून मोकळी झाले. तुमच्या घरात मयत आणि मी..."

वहिनींनी पदर तोंडावर दाबला. अगदी त्या दिवशीसारखा. त्यांचे खांदे हलू लागले. मी पुढे सरकून त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मग मला कळलं की त्या रडत नव्हत्या.

"गप ऱ्हव," त्या पदरातूनच म्हणाल्या. "रताळ्याचा नाव परत घेव नको. तेच्यापायी माझी सगळ्या माणसांत लाज गेली."

थोड्या सावरल्यावर त्यांनी सांगितलं. माणसं जमत होती, फोन वाजला. कोण येतंय ते विचारत असतील म्हणून त्यांनी तो हातात घेतला. "बघतंय तर रताळा. आणि तेका चष्मो." दादांच्या उशाशी बसून त्या हसल्या होत्या, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. थांबायचं म्हटलं तरी थांबता आलं नाही. गावाहून आलेल्या जावा एकमेकींकडे बघू लागल्या.

"मी म्हटलं तुम्ही माझ्यावर रागावलात. तोंड फिरवलंत."

"तू दारात दिसलंस आणि माका परत हसाक येऊक लागला. काय करू? भिंतीकडे बघलंय." तांदळातला एक खडा काढून त्यांनी बाजूला ठेवला. "फोन उचलून तुका काय सांगतलंय असतंय? की नवऱ्याच्या मयताक मी हसलंय? म्हणान उचललंय नाय. ग्रुपातून पण तेच्यासाठीच भायर पडलंय."

मला वाटत होतं लाज माझी एकटीची आहे.

"मी बोललो तिला," खिडकीशी आवाज आला. धाकटे दीर बाहेर बघत होते. "सगळ्यांसमोर बोललो. दादा पडलाय आणि तुला हसू कसलं येतंय, असं. मला काय ठाऊक काय होतं ते."

त्यांना दाखवणं मला भाग होतं. मी पर्समधून फोन काढला, ते मेसेज शोधले आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा आणला नव्हता. फोन हातभर लांब धरून, एकेक शब्द लावत, ते मोठ्याने वाचू लागले. "पहाटे यांनी प्राण सोडला. धाकटे दीर आले की दुपारी नेणार." ते थांबले. "ह्यात मी आहे."

वहिनी म्हणाल्या, "मग? तुमच्यासाठीच थांबवलेलं ना."

ते पुढे वाचत गेले. रताळं, खारीक, नारळ, हसरे चेहरे सोडून दिले, वांग्याच्या फोटोवर जरा थांबले. हसले नाहीत. मला फोन परत देत म्हणाले, "शेवटचं अक्षर बघितलंत तुम्ही."

"हो."

"तेवढंच बघतो माणूस." ते पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, "संपात दादा माझ्याशी बोलायचा तो तेवढाच. गॅलरीत, संध्याकाळी. दुसरं बोलणं नाय. आणि आता विचाराल तो काय बोलायचा, तर मला त्याचं एक वाक्य सांगता यायचं नाय. माझ्यावर पाळी आली की सगळे बघायचे. शेवटचं अक्षर तेवढं घ्यायचो आणि आपलं जुळवत बसायचो. त्याचं मधलं काय मी ऐकलंच नाय कधी."

वहिनींनी ताट खाली ठेवलं. "ह्येंका तुमची सगळी पाठ होती, भावोजी."

"कसली?"

"वाक्यं. निजताना माका सांगायचे, आज धाकट्याने काय टाकलं बघ. वाचा जाईपर्यंत सांगायचे. कोंबडीने कोट घातला, ता तर किती वेळा."

"कोंबडीचं काय?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. स्वतःचंच वाक्य.

"कोंबडीने घातला कोट आणि अंड्याला म्हणाली," वहिनी म्हणाल्या, आणि पुढचं सांगायला थांबल्या, जणू ते दिरांच्याच तोंडून यायला हवं होतं.

ते आलं नाही म्हणून मी सांगितलं. "साहेब आत आहेत."

धाकटे दीर हसले. फुस्सकन, नाकातून आधी, मग तोंड उघडून. आणि मग त्यांची नजर हार घातलेल्या फोटोवर गेली आणि ते ओशाळले. हात तोंडावर घेतला, दादांनी मिशी झाकली होती तसा. वहिनी उठून चहा करायला गेल्या. आम्ही तिघांनी तो प्यायला.

मुलांनो, यावर तुम्ही म्हणाल की सगळं मिटलं की. वहिनींच्या बाजूने मिटलं. माझ्याकडून नाही. त्या हसल्या हा त्यांचा स्वभाव. सकाळच्या वेळी एका बाईने आपला नवरा गेल्याचं लिहिलं, आणि तिला सगळ्यांत जवळची म्हणवणारी मी त्यातली दोन अक्षरं बघून पुढे गेले. त्यानंतर थोरलीने विचारलं तेव्हा मी त्या सगळ्या माणसांना एका शब्दात फालतू म्हणून टाकलं. ज्या खेळाने दोघा भावांना बोलतं ठेवलं त्या खेळाला. त्याची मला त्या सकाळइतकीच लाज वाटते. माझ्या आईने गॅलरीत पाय ठेवल्यावर मी जमिनीकडे बघत होते, तशीच मी नातीसमोर चहाकडे बघत राहिले.

ग्रुप अजून आहे. महिनाभराने मी कुलूप काढलं आणि वहिनींना परत घेतलं. धाकट्या दिरांनाही विचारून घेतलं, कुणी हरकत घेतली नाही. ते लिहीत नाहीत, पण वाचतात, तशी निळी खूण दिसते. वांग्याचा दंड चालू आहे. एक नियम मात्र वाढवला आहे, तो वहिनींनीच घातला. आधी समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं पूर्ण लिहायचं आणि मग त्याखाली आपलं टाकायचं. खेळ त्यामुळे फार हळू झाला आहे. एखाद्या दिवशी दोनच वाक्यं होतात. काल संध्याकाळी वहिनींनी माझ्यावर 'म' सोडला आहे आणि मला अजून काही सुचलेलं नाही.